न विचारलेला नंबर

आरोग्य खात्याच्या कचेरीत तिला सगळे ठिपकेताई म्हणायचे. नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण चिकटलं ते चिकटलंच. तिच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर दिवसभर शहराचा नकाशा उघडा असायचा आणि त्यावर लाल, पिवळे, निळे ठिपके. कुठे ताप, कुठे जुलाब, कुठे कावीळ. येणारा-जाणारा दारातून डोकं आत घालून विचारायचा, "काय ठिपकेताई, आज शहराला कुठे पुरळ उठलंय?" ती मान वर न करता म्हणायची, "अजून तरी अंग स्वच्छ आहे. तुमची नजर नका लावू."

चाळिशी ओलांडलेली, अंगाने किरकोळ, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. लग्नाचं राहून गेलं होतं. आई गेली तेव्हा ती कॉलेजात होती आणि भाऊ शाळेत. वडील त्याआधीच गेलेले. मग शिकवण्या कर, नोकरी धर, त्याचे डबे भर, त्याला शाळेत ढकल, असं करता करता वर्षं निघून गेली. भावाचं डोकं अभ्यासात काही चाललं नाही, हात मात्र सोन्याचे निघाले. तो फरशी बसवायला शिकला आणि बघता बघता त्या कामात त्याच्या तोडीचा माणूस मिळेना. त्याने बसवलेल्या खोलीत जमिनीवर पाण्याचा थेंब पडला, तर कुठल्या बाजूला जावं हे त्या थेंबाला ठरवता यायचं नाही, असं त्याचे सोबती म्हणायचे.

घर एकच. खाली दोन खोल्यांत भाऊ, भावजय आणि त्यांची आठ वर्षांची लेक. बाहेरच्या लोखंडी जिन्याने वर गेलं की ताईची खोली. जेवण मात्र सगळ्यांचं खाली, एकाच टेबलाभोवती. चौथी खुर्ची जराशी डगमगायची आणि त्या खुर्चीवरून आत्या-भाचीची रोज भांडणं व्हायची.

त्या वर्षी कचेरीत नवीन काम आलं. टेलिफोन कंपनीशी खात्याचा करार झाला. प्रत्येक मोबाइल फोन कुठल्या ना कुठल्या टॉवरला धरून असतो. काल एका टॉवरपाशी असलेले किती फोन आज दुसऱ्या टॉवरपाशी गेले, एवढाच हिशेब कंपनी रोज सकाळी पाठवणार होती. त्यात नाव नाही, नंबर नाही. आकडा अगदीच लहान असला तर तोही कंपनी पुसून टाकायची, म्हणजे एकटं-दुकटं माणूस ओळखू येऊ नये. रोग काही स्वतःच्या पायांनी चालत नाही, माणसांबरोबर जातो. माणसं कुठे निघालीत ते आधी कळलं तर औषध त्यांच्या पुढे जाऊन थांबू शकतं. ताईला हे फार पटलं. आजवर ती ठिपका उठल्यावर तो नकाशावर मांडत होती. आता ठिपका उठायच्या आधी तिथे पोचता येणार होतं.

पण खालच्या वस्तीत भलतीच कुजबुज सुरू झाली. सरकार फोन ऐकतंय म्हणे. कोण कुणाकडे जातं ते सगळं कळतं म्हणे. लोक फोन बंद करून ठेवू लागले, कामाला जाताना घरी टाकून जाऊ लागले. मोठ्या डॉक्टरबाईंनी ताईला बोलावलं. "तुम्हीच जा आणि समजावा. मी गेले तर भाषण होईल. तुम्ही नीट बोलाल."

शाळेच्या हॉलमध्ये माणसं दाटीवाटीने बसली होती. ताईने सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला एक इस्त्रीवाली बाई उठली. "बाई, खरं खरं सांगा. माझा नवरा संध्याकाळी कुठे जातो ते दिसतं का तुम्हाला? दिसत असेल तर मलाही सांगून टाका."

सगळा हॉल खदखदून हसला. ताईसुद्धा हसली. "नाही हो दिसत. मला तुमचा नवरा दिसत नाही, कुणाचाच दिसत नाही. मला फक्त गर्दी दिसते. इकडून निघाली, तिकडे पोचली, एवढंच."

मागे भिंतीला टेकून एक माणूस उभा होता. हमाली करणारा असावा, खांद्यावर जाड कापड टाकलेलं. तो हसला नव्हता. "आज दिसत नाही म्हणता. उद्या कुणाला गरज पडली तर कंपनीला विचारता येईलच की."

"विचारता येईल," ताई म्हणाली. "पण मी विचारणार नाही. कुणाचाही नंबर, कशासाठीही. हा माझा शब्द समजा."

तो माणूस खाली बसला. त्या आठवड्यापासून वस्तीतले फोन पुन्हा चालू राहू लागले. करारातल्या कलमांवर नाही, तिच्या चेहऱ्यावर भरवसा ठेवून.

घरी जेवताना तिने हे सांगितलं तेव्हा भावाने कपाळावरचा घाम पुसल्याचं नाटक केलं. "म्हणजे कामावरून सुटल्यावर मी कुठे उंडारतो ते तुला कळणार नाही तर! वाचलो बाबा."

"मला कळतं," भावजय म्हणाली. "मला टॉवर लागत नाही."

पुढे काही महिन्यांनी खालच्या वस्तीजवळ रस्ता खणताना पिण्याच्या पाण्याचा नळ फुटला. शेजारूनच गटाराची वाहिनी जात होती. कुणाच्या लक्षात यायच्या आत घाण पाणी घराघरात गेलं. आधी दोन पोरं, मग एक म्हातारी, मग दवाखान्याच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. तपासणीत कॉलरा निघाला. ज्यांना शक्य होतं त्यांनी मुलाबाळांना नातेवाइकांकडे धाडायला सुरुवात केली.

ताईच्या पडद्यावर सकाळचे आकडे आले. वस्तीतून निघालेली सगळ्यात मोठी गर्दी शहराच्या पलीकडे दगडखाणींकडे गेली होती. तिथे धड नळ नाही, दवाखाना नाही. तिने डॉक्टरबाईंना हाताला धरूनच पडद्यापाशी आणलं. दुपारपर्यंत खाणींकडे तंबू उभे राहिले, सलाइनच्या बाटल्या गेल्या, साखर-मिठाच्या पाण्याची पाकिटं घरोघरी वाटली, टाक्यांत औषध पडलं. दोन दिवसांनी तिथे पहिले रुग्ण दिसले, तेव्हा त्यांना धरायला माणसं तयार होती. खाणींकडे एकही माणूस दगावलं नाही. कचेरीत लोक एकमेकांच्या पाठी थोपटत होते. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "ताई, आता घरी जाऊन जरा पडा. डोळे बघा कसे झालेत."

ती घरी आली तेव्हा भावजय दारातच उभी होती.

"ताई, ह्यांचा काल दुपारी फोन आला होता. पोट बिघडलंय म्हणाले. पोरीला लागण नको, बरं वाटेपर्यंत साइटवरच राहतो म्हणाले. तुम्हाला सांगू नको म्हणाले, तुम्ही कामात आहात म्हणून. आता सकाळपासून उचलतच नाहीत."

"कुठल्या साइटवर?"

"तेच तर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही."

ठेकेदाराची कामं तीन-चार ठिकाणी चालू होती. ताईने त्याला फोन लावला. तो म्हणाला, काल सकाळीच तुमचा भाऊ वस्तीजवळच्या कामावरून निघून गेला. तब्येत बरी नाही म्हणाला, मला वाटलं घरी गेला. दोघी बाहेर पडल्या. ठेकेदाराने सांगितलेल्या इमारती पालथ्या घातल्या. मग दवाखाने. व्हरांड्यात ओळीने झोपवलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात सुई. ताई एकेका चेहऱ्यावर वाकून बघत होती. तिला सारखं वाटत होतं, आता कुठल्यातरी कोपऱ्यातून आवाज येईल, "ताई, इकडे!"

तिसऱ्या दवाखान्याच्या पायरीवर भावजय मटकन खाली बसली. "फोन वाजतोय त्यांचा, ताई. बंद नाहीये. नुसता वाजतोय. तुमच्या कंपनीला दिसेल ना तो कुठे आहे?"

भावजयीला घरी सोडून ताई कचेरीत गेली.

कंपनीचा इंजिनिअर तिच्याच खोलीत लॅपटॉप उघडून बसला होता. साथ सुरू झाल्यापासून तो रोज तिथेच असायचा. साधा, दोन मुलांचा बाप. ताईचा चेहरा बघून तो उठून उभा राहिला. तिने सगळं सांगितलं. तो दाराकडे गेला, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसला.

"नंबर सांगा ताई. दोन मिनिटांचं काम आहे. कुणाला कळायचं कारण नाही."

भावाचा नंबर तिला झोपेतसुद्धा पाठ होता. पहिला फोन तिनेच त्याला घेऊन दिला होता. आकडे ओठांपर्यंत आले. समोर पडद्यावर सकाळची गर्दी होती, एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकणारी, आणि त्या गर्दीतल्या कुणालाही वाटत नव्हतं की ही बाई आपल्याला शोधून काढेल. तो भिंतीला टेकलेला माणूस तिला आठवला. आणखीही एक गोष्ट मनात आली, जी तिने पुढे कुणालाच सांगितली नाही: हे बाहेर फुटलं तर वस्ती रातोरात फोन बंद करेल, आणि पुढची साथ आंधळेपणाने झेलावी लागेल. की तिला नुसती नोकरीची भीती वाटली? हेही तिने स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं.

"पोलिसांकडून रीतसर मागवते," ती म्हणाली.

"ताई, पोलिसांना वेळ लागेल."

"किती?"

"उद्यापर्यंत."

उद्या. तो शब्द तिला जवळचा वाटला. भाऊ धट्टाकट्टा होता, पाठीवर फरशीची खोकी घेऊन चार मजले चढणारा. "उद्या चालेल," ती म्हणाली.

भावजयीला घेऊन ती पोलीस चौकीत गेली तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्याच्या टँकरवर मारामाऱ्या झालेल्या, अर्धी चौकी बंदोबस्ताला गेलेली. तिथला फौजदार भला माणूस होता. त्याने बसायला खुर्ची दिली, भावजयीला पाणी दिलं, हरवल्याची तक्रार स्वतः लिहून घेतली. पण कंपनीला जायच्या पत्रावर वरच्या साहेबांची सही लागत होती आणि साहेब टँकरपाशी उभे होते. सही संध्याकाळी झाली. कंपनीचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं.

तो सापडला एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत. ठेकेदाराने सांगितलेल्या यादीत ती नव्हतीच, कारण तिथलं काम मागेच थांबलेलं. वरच्या मजल्यावर फरशीच्या खोक्यांमागे त्याने पुठ्ठे अंथरले होते. बूट काढून नीट बाजूला ठेवलेले. उशाशी पाण्याची एक रिकामी बाटली आणि फोन. फोनवर भावजयीचे न उचललेले फोन एकाखाली एक. पायपुसणं होईल एवढा फरशीचा तुकडा त्याने डोक्याखाली घेतला होता, वर शर्टाची घडी करून.

दवाखान्यातल्या डॉक्टरने तपासून सांगितलं, "आज पहाटे गेले असावेत."

भावजय रडली नाही. ती ताईकडे वळली. "म्हणजे काल दुपारी होते."

"हो."

"तुम्ही कंपनीच्या माणसाला विचारलं असतं तर सापडले असते?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. "सापडला असता," ती म्हणाली.

"जिवंत?"

"बहुतेक."

भावजयीने मान हलवली, जसं बाजारात भाव ऐकून माणूस मान हलवतं आणि पुढे जातं. त्यानंतर ती ताईशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. ताट वाढलेलं असायचं, झाकून ठेवलेलं. कपडे वाळत घातलेले असायचे. पण शब्द नाही. भाचीलासुद्धा काहीतरी समजलं होतं. ती जिना चढून वर यायची, दारात उभी राहायची आणि आईने हाक मारली की निघून जायची. डगमगणाऱ्या खुर्चीवर आता कुणीच बसत नव्हतं, आणि ताईने हळूहळू वरच जेवायला सुरुवात केली.

साथ ओसरली. खात्याचा सत्कार झाला. समारंभाच्या आधी डॉक्टरबाई तिच्या खोलीत आल्या, खुर्ची ओढून बसल्या. "ताई, वरून निरोप आहे. तुमच्याबद्दल दोन शब्द बोलायचेत. स्वतःच्या भावासाठीही नियम मोडला नाही, असं..."

"नको," ताई म्हणाली.

"लोकांचा विश्वास वाढेल, असं त्यांचं म्हणणं आहे."

"बाई, तुम्हाला हात जोडते. त्याचं मरण कुणाच्या भाषणात घालू नका. आणि ते नियमाचं उदाहरण नाही. नियमात एक भोक होतं, त्यात तो पडला."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "कसलं भोक?"

ताईने सांगितलं. कुणाचा नंबर चोरून बघायचा नाही हे बरोबरच. पण आजारी माणूस हरवला आणि त्याच्या घरचे दारात येऊन रडताहेत, तर रीतसर विचारायलाही दिवस का जावा? दवाखान्यातच एक माणूस नेमा. घरच्यांनी तिथेच अर्ज करावा, तिथल्याच डॉक्टरने सही करावी, कंपनीने त्याच तासात उत्तर द्यावं, आणि कोणी कुणासाठी विचारलं ते उघड नोंदलेलं असावं. म्हणजे चोरी नाही आणि उशीरही नाही.

हे बोलायला सोपं होतं, करायला महिने गेले. कंपनीचे वकील, खात्याचे वकील, पोलीस. प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणायचं, अशा किती केसेस होणार हो? ताई तेव्हा पाण्याचा ग्लास हातात धरून खाली बघत राहायची. उत्तर द्यायचं काम डॉक्टरबाई करायच्या. वस्तीतही ती पुन्हा गेली, त्याच शाळेच्या हॉलमध्ये. या वेळी कुणी विनोद केला नाही. सगळ्यांना कळलं होतं. बोलणं संपल्यावर तो हमाल पुढे आला, नुसतेच हात जोडले आणि गेला. ताईला ते हात जोडणं सोसलं नाही. हॉलच्या मागे जाऊन, हात धुवायच्या नळापाशी, ती भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडली.

नियम झाला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्याला डोकं फिरवणारा ताप आला आणि तो घरातून निघून गेला. मुलीने दवाखान्यात अर्ज केला. तासाच्या आत तो एका बंद गिरणीच्या आवारात सापडला, झाडाखाली बसलेला. वाचला.

त्या संध्याकाळी ताई खाली गेली. भावजय भांडी लावत होती. ताईने दारातच उभं राहून सगळं सांगितलं, भरभर, शाळेतून आलेलं मूल सांगतं तसं. तिला वाटलं होतं काय, कुणास ठाऊक. भावजयीने हातातलं ताट फळीवर ठेवलं, वळली आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

"मग हे आधी का नाही केलंत?"

ताई जिना चढून वर गेली.

शाळेला सुट्टी लागल्यावर भावजय माहेरच्या गावी कायमची राहायला निघाली. तिथे तिच्या भावाचं शिवणकामाचं दुकान होतं, हाताला काम मिळणार होतं. सामान बांधताना वळकटी एकटीला आवळता येईना, तेव्हा ताईने न विचारता दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून दोरी ओढली, गाठ मारली. भाचीने जाताना आत्याच्या गळ्यात हात घातले आणि कानात विचारलं, "तू येशील?" ताई म्हणाली, "बोलावलंस तर येईन."

आता खालच्या खोल्या रिकाम्या असतात. ताई कचेरीत जाते, येते. लोक अजून ठिपकेताईच म्हणतात, पण पुरळ कुठे उठलंय असं कुणी विचारत नाही. नवीन आलेल्या एकाने विचारलं होतं एकदा, तर शिपायाने त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं.

सुट्टीच्या दिवशी भाचीचा फोन येतो. शाळेचं, मैत्रिणींचं, मामाच्या दुकानातल्या चिंध्यांच्या बाहुल्यांचं सांगते. आई पलीकडच्या खोलीत असते, शिवणयंत्राचा आवाज येत राहतो. ताई फोन कानाला घट्ट लावून ऐकते. तिला आईबद्दल काही विचारायचं धाडस होत नाही, आणि पोरही आपणहून सांगत नाही.

परवाच्या फोनवर मध्येच यंत्राचा आवाज थांबला. पोर बोलायची थांबली, बहुतेक आईकडे बघत असावी. मग लांबून, फोनपासून तोंड फिरवून बोलल्यासारखा आवाज आला, "विचार त्यांना, जेवल्या का."

"आत्या, जेवलीस का?" भाचीने विचारलं.

ताई जेवली नव्हती. "हो, सांग, जेवले," ती म्हणाली, आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत ऐकत राहिली.